वाचक विचारतात : डेटोना आणि सेब्रिंग परत एका छताखाली कसे आले?

मागच्या अंकात डेटोनाच्या २४ तासांच्या रेसवर एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो की २०१४ ला अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या कार रेसच्या दोन सीरिज, ग्रँड-ॲम आणि अमेरिकन ले मान्स सीरिज, एक झाल्या आणि तिथून सगळं बदललं. बस्स, त्या एका वाक्यावर एवढे मेल आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. मायलेज आणि क्लच प्लेटवाल्यांनी रागावू नये, तुमचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न (पिंपरी) : दादा, मुळात दोन सीरिज होत्याच कशाला? एन्ड्युरन्स रेस बघणारी माणसं आधीच मोजकी, त्यात अमेरिकेत त्यांच्या पण दोन चुली?

उत्तर : चूल एकच होती हो, वेगळी नंतर झाली. जॉन बिशप यांनी बायको पेगीसोबत १९६९ ला इम्सा ही रेस भरवणारी संस्था सुरू केली आणि त्यांच्या पाठीशी होते बिल फ्रान्स सीनियर, म्हणजे ज्यांनी नॅसकार (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंगची संस्था) उभी केली, डेटोनाचा ट्रॅक बांधला तेच. हे फ्रान्स घराणं लक्षात ठेवा, कारण शेवटी सगळं फिरून त्यांच्याच दारात येणार आहे. १९७१ पासून इम्साची जीटी चॅम्पियनशिप चालू झाली, कॅमल सिगारेटवाले स्पॉन्सर मिळाले, आणि ऐंशीच्या दशकात जीटीपी क्लास (प्रोटोटाइप, म्हणजे फक्त रेससाठी बनवलेल्या गाड्यांचा) आला तेव्हा तर विचारूच नका, पोर्शे ९६२, जॅग्वार, निसान, टोयोटा, सगळे फॅक्टरीचा पैसा ओतत होते. त्या वेळचे प्रेक्षक आजही या विषयावर बोलायला लागले की आवरत नाहीत.

मग उतरती कळा लागली. बिशपनी १९८९ ला इम्सा विकली, गाड्या इतक्या महाग झाल्या की प्रायव्हेट टीमला परवडेना, आणि १९९३ चा सीझन संपला तसं जीटीपी पण गेलं आणि कॅमलचा पैसा पण गेला. पुढे मालक बदलत राहिले. १९९६ ला अँडी इव्हान्स आणि त्यांच्या पार्टनरने ती घेतली आणि नावच बदलून प्रोफेशनल स्पोर्ट्स कार रेसिंग करून टाकलं. पंचवीसेक वर्षं कमावलेलं नाव असं कोण पुसतं, मला तरी हे कोडं सुटलेलं नाही. बऱ्याच जणांचं या कारभाराशी पटेना, त्यात डेटोनावाले पण होते, आणि १९९८ ला डेटोनाचे २४ तास एका वेगळ्याच चॅम्पियनशिपमध्ये गेले, जिचं जुनं नाव एससीसीए या अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबने परत बाहेर काढलं होतं. सेब्रिंगचे १२ तास मात्र आहे तिथेच राहिले. दोन्ही ट्रॅक फ्लोरिडात, गाडीने गेलात तर सकाळी निघून जेवायला पोहोचाल एवढंच अंतर, पण या दोन रेस परत एका चॅम्पियनशिपमध्ये यायला २०१४ उजाडावं लागलं.

त्याच सुमारास आले डॉन पॅनोझ. हा माणूस मूळचा औषधधंद्यातला, सिगारेट सुटावी म्हणून दंडाला चिकटवतात त्या निकोटिन पॅचमागचं डोकं म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे सिगारेटच्या पैशावर वाढलेला खेळ सिगारेट सोडवणाऱ्याच्या पैशावर पुन्हा उभा राहिला, आहे की नाही गंमत. त्यांनी जॉर्जियातला रोड अटलांटा ट्रॅक घेतलेला होता, तिथे १९९८ ला पेटिट ले मान्स भरवली, हजार मैल किंवा दहा तास, जे आधी होईल ते, मग फ्रान्समध्ये ले मान्सची २४ तासांची रेस भरवणाऱ्या क्लबशी जमवून घेतलं आणि १९९९ ला अमेरिकन ले मान्स सीरिज सुरू. पुढे २००१ ला ती मूळची संस्था पण विकत घेऊन तिला इम्सा हे नाव परत दिलं. इकडे डेटोनावाल्यांनी फ्रान्स घराण्याच्या पाठबळावर २००० पासून ग्रँड-ॲम काढली. झाल्या दोन.

प्रश्न (नाशिक) : दोन्हीकडे प्रोटोटाइप आणि जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या) अशाच गाड्या पळायच्या ना? मग फरक काय, नुसता मालकाचा?

उत्तर : नाही, फरक विचाराचा होता आणि घोडं पुढे तिथंच पेंड खाल्लं.

अमेरिकन ले मान्स सीरिजचं म्हणणं असं की जे नियम ले मान्सला तेच इथे, म्हणजे युरोपातली गाडी जहाजात घाला, इथे उतरवा आणि पळवा. त्यामुळे ऑडीसारखी टीम वर्षानुवर्षं इथे खेळली. ऑडीची आर-१० ही डिझेल गाडी आयुष्यातली पहिली रेस कुठे पळाली, तर २००६ ला सेब्रिंगला, आणि पहिल्याच रेसला जिंकून मोकळी. दोन वर्षांनी त्याच सेब्रिंगला पेन्स्के टीमची पोर्शे आरएस स्पायडर, जी एलएमपी-२ म्हणजे खालच्या क्लासची गाडी, ती मोठ्या एलएमपी-१ ऑडीच्या नाकावर टिच्चून ओव्हरऑल जिंकली. बघायला स्वर्ग होता तो. पण फॅक्टरीच्या जिवावर चालणाऱ्या सीरिजचं दुखणं एकच, फॅक्टरीने मान फिरवली की संपलं. २००८ ची मंदी आली, ऑडीने पूर्ण सीझन खेळणं बंद केलं, वर्षभरात ॲक्युरा पण गेली, आणि शेवटच्या सीझनला एलएमपी-१ मध्ये पूर्ण वर्ष खेळणाऱ्या गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात आणि तरी बोटं उरावीत.

ग्रँड-ॲमचा हिशेब उलटा. त्यांनी २००३ ला डेटोना प्रोटोटाइप आणली, लोक तिला डीपी म्हणतात. कार्बन फायबरच्या टबऐवजी (टब म्हणजे ड्रायव्हर बसतो तो गाडीचा मुख्य सांगाडा) स्टीलच्या पाइपांची फ्रेम, इंजिन प्रॉडक्शन गाडीच्या इंजिनावर बेतलेलं, महागडं तंत्रज्ञान बाहेर, आणि कुठलाही चासी बनवणारा उगाच पुढे पळून जाऊ नये म्हणून सगळ्यांना लगाम. दिसायला मात्र बोजड, सुरुवातीच्या गाड्यांची काच आणि छत एवढं उंच की खाली रेसिंग कार आणि वर दुसऱ्याच कुठल्या गाडीची केबिन बसवल्यासारखं वाटायचं. आणि पदार्पणच असं झालं की २००३ च्या डेटोनाला या नव्या प्रोटोटाइप धडपडत राहिल्या आणि ओव्हरऑल जिंकली कोण, तर जीटी क्लासची पोर्शे ९११! लोक हसले. पण पुढे टक्कर जबरदस्त व्हायला लागली हे मान्य करावंच लागेल. २००९ ला चोवीस तास पळून झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत फरक किती, ०.१६७ सेकंद. डेव्हिड डॉनह्यू पुढे आणि मागे हुआन पाब्लो मोंटोया. ले मान्सला असं काही क्वचितच बघायला मिळतं. डीपीची अडचण वेगळी, ती गाडी घेऊन जगात दुसरीकडे कुठे जाताच येत नव्हतं.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : मी बारा महिने नॅसकारच्या गावात राहतो. इथे ऑफिसात रेसिंगवाले लोक याला दोन बरोबरीच्या घराण्यांचं लग्न वगैरे म्हणतात. तुमचं मत काय?

उत्तर : लग्नात मुलीकडचे आपलं घर, अंगण आणि आडनाव विकून टाकत नाहीत. ५ सप्टेंबर २०१२ ला डेटोनाला पत्रकार परिषद झाली, स्टेजवर जिम फ्रान्स (बिल फ्रान्स सीनियर यांचे चिरंजीव), डॉन पॅनोझ, ग्रँड-ॲमचे एड बेनेट आणि अमेरिकन ले मान्स सीरिजचे स्कॉट ॲथर्टन. शब्द वापरला मर्जर. पण कागदावर काय होतं, तर ग्रँड-ॲमने (जी २००८ पासून नॅसकारची झाली होती) पॅनोझ यांची सीरिज घेतली, इम्सा घेतली, रोड अटलांटा ट्रॅक घेतला, सेब्रिंगचा ट्रॅक चालवायचे हक्क घेतले आणि सेब्रिंगच्या ट्रॅकला लागून असलेलं हॉटेल पण घेतलं. हॉटेलसकट घेतात त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

पण म्हणून ते वाईट झालं असं माझं मत अजिबात नाही. पॅनोझ तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेले, वर्षानुवर्षं खिशातले पैसे घालून सीरिज चालवलेली, वरचा क्लास रिकामा होत चाललेला. दोन्हीकडचे स्पॉन्सर तेच ते, टीम पण फिरून फिरून त्याच, आणि टीव्हीवाल्यांना या सीरिजचं कोण आणि त्या सीरिजचं कोण हे समजावताना नाकी नऊ. इंडी कारवाल्यांनी १९९६ ला फूट पाडून बारा वर्षं भांडून २००८ ला परत एक होईपर्यंत आपले कितीतरी प्रेक्षक नॅसकारकडे घालवले, ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. आणि घेणाऱ्यांनी एक शहाणपणा केला, नवीन सीरिजची संस्था म्हणून इम्सा हेच नाव ठेवलं, ग्रँड-ॲम नाव बाजूला काढलं. विकत घेणाऱ्याने स्वतःचं नाव सोडून विकणाऱ्याचं लावणं हे रोज बघायला मिळत नाही.

प्रश्न (सांगली) : मग सीरिजची तीन-तीन नावं कशी? युनायटेड, ट्यूडर, वेदरटेक, माझा गोंधळ होतो.

उत्तर : एकच सीरिज आहे. मार्च २०१३ ला सेब्रिंगला नाव जाहीर झालं युनायटेड स्पोर्ट्सकार रेसिंग, ते प्रेक्षकांच्या स्पर्धेतून निवडलेलं. ट्यूडर म्हणजे रोलेक्सच्याच घरातला घड्याळाचा ब्रँड, तो पहिली दोन वर्षं टायटल स्पॉन्सर होता. २०१६ पासून वेदरटेक, म्हणजे गाडीतली मॅट बनवणारी कंपनी. डेटोनाच्या रेसचं नाव मात्र या सगळ्या काळात रोलेक्स २४ च राहिलं, जिंकणाऱ्या ड्रायव्हरला घड्याळ मिळतं आणि मोठमोठे करोडपती ड्रायव्हर त्या एका घड्याळासाठी रात्रभर जागतात.

प्रश्न (कोल्हापूर) : सरळ बोलतो, राग मानू नका. मी एएलएमएसचा (अमेरिकन ले मान्स सीरिजचा) पंखा. एलएमपी-१ काढून टाकली, त्या पाइपांच्या गाड्या पुढे ठेवल्या आणि बीओपीच्या (वेगवेगळ्या गाड्यांना नियमांनी बरोबरीत आणायच्या) नावाखाली एलएमपी-२ चा गळा दाबला. हे मर्जर नव्हतं, ठरवून केलेला खून होता.

उत्तर : राग कशाला, निम्मं तुमचं बरोबर आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन्हीकडचे मिळून क्लास एवढे होते की सगळे ठेवले असते तर ट्रॅकवर प्रत्येक दुसरी गाडी कुठल्यातरी क्लासची लीडर असती. म्हणून चार केले. वर पी म्हणजे प्रोटोटाइप, त्यात ग्रँड-ॲमच्या डीपी आणि ले मान्सच्या नियमांतल्या एलएमपी-२ एकत्र. मग पीसी, सगळ्यांना ओरेका कंपनीची सारखीच गाडी. मग जीटीएलएम, म्हणजे कॉर्वेट, पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू यांच्या फॅक्टरी लढाईचा क्लास, याला हात लावला नाही आणि ते फार उत्तम केलं. आणि जीटी डेटोना, ज्यात पैसेवाले हौशी ड्रायव्हर आणि त्यांचे पगारी प्रो. एलएमपी-१ ला जागाच ठेवली नाही. यावर मी तुमच्याइतका रडणार नाही, कारण त्या क्लासमध्ये शेवटी उरलं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

खरी गोची पी क्लासची. एलएमपी-२ हलकी, कमीत कमी वजन ९०० किलो, कार्बनचा टब, कोपऱ्यात रुळावर असल्यासारखी वळते. डीपी शंभरेक किलोने जड, पण कॉर्वेट डीपीत पाच लिटरच्या वरचा व्ही-८, पाय दाबला की सरळ रस्त्यावर सुसाट. या दोघींना बरोबरीत आणायला काय केलं, तर डीपीला कार्बन ब्रेक दिले, पॅडल शिफ्ट दिला, मागे डिफ्यूझर दिला, ताकद वाढवली, थोडक्यात तिला एलएमपी-२ च्या जवळ ओढलं. स्टॉपवॉचवर बघाल तर लॅप टाइम जवळजवळ येतात. पण रेस काय स्टॉपवॉचवर होते का? साठ-पासष्ट गाड्या ट्रॅकवर, दर लॅपला पुढे हळू जीटी गाड्यांचा घोळका. डीपीवाला काय करतो, कोपऱ्यातून बाहेर येतो, सरळ रस्ता मिळतो, तिघांना एकदम मागे टाकतो. एलएमपी-२ वाल्याचा सगळा वेग कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात पुढे जीटी उभी असली तर तो वेग वापरणार कुठे? जीटीच्या मागे अडकला, तिच्याच वेगाने बाहेर आला, आणि मग सरळ रस्त्यावर मागून डीपी आलीच. एकट्याने पळताना दोघी सारख्या आणि गर्दीत एक लंगडी. बीओपीच्या टेबलात वजन लिहिता येतं, एअर रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा कमी करणारा भाग) लिहिता येतो, गर्दी कशी लिहिणार?

त्यामुळे पहिल्या वर्षी एलएमपी-२ वाले वैतागले. मसल मिल्क पिकेट, म्हणजे एएलएमएसचे शेवटच्या दोन्ही वर्षांचे चॅम्पियन, त्यांनी नवीन एलएमपी-२ आणली आणि पहिल्या रेसनंतर गाशा गुंडाळला. एक्स्ट्रीम स्पीडने मे महिन्यात लगुना सेका ट्रॅकवर एलएमपी-२ ला पहिला विजय मिळवून दिला, तरी पुढच्या वर्षी ते पण बाहेर वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळायला गेले. चॅम्पियनशिप पहिली दोन्ही वर्षं ॲक्शन एक्सप्रेस टीमच्या कॉर्वेट डीपीची, जोआओ बार्बोसा आणि क्रिस्चियन फिटिपाल्डी.

पण खून म्हणाल तर नाही. ठरवून केलं असतं तर २०१६ चा डेटोना त्याच एक्स्ट्रीम स्पीडने एलएमपी-२ घेऊन जिंकला नसता, आणि लगेच सेब्रिंग पण. पिपो डेरानी नावाचा ब्राझीलचा पोरगा त्या दोन रेसमध्ये जे चालवून गेला ते शोधून बघाच. दोन वेगळ्या विचारांच्या गाड्या एका क्लासमध्ये कोंबल्या की कुणीतरी रडणारच होतं, आणि मालक डेटोनाचे असल्यावर कोण रडणार हे सांगायला ज्योतिषी नको. सह्या एका दिवसात झाल्या, पण गाड्या जुळवायच्या नादात तीन सीझन गेले. मला विचाराल तर सुरुवातीलाच डीपीची शेवटची तारीख जाहीर करून दोन्ही बाजूंना नवीन गाडीच्या तयारीला लावायला हवं होतं.

प्रश्न (ठाणे) : २०१४ ची पहिली रेस फार गाजली होती म्हणे, नेमकं काय झालं?

उत्तर : गाजली, आणि चांगल्या कारणासाठी नाही. ६७ गाड्या, दोन्हीकडचे सगळे, वातावरण एकदम भारी. आणि तीनेक तास झाले नाहीत तोच अपघात. मलुचेल्लीची फेरारी इनफिल्डमध्ये बंद पडत आलेली, रस्त्यावर जवळजवळ रांगत होती, सूर्य खाली आलेला, नेमका समोरून डोळ्यात. मेमो गिडली पोल पोझिशनवाल्या (म्हणजे सगळ्यात पुढून सुरू केलेल्या) ९९ नंबरच्या कॉर्वेट डीपीत मागून फुल वेगात आला, पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायला बाजूला काढली आणि थेट फेरारीवर. त्याला समोर काही दिसलंच नाही. रेस लाल झेंड्याने तासाभराहून जास्त थांबली. दोघे वाचले, पण गिडलीला पाठीच्या मणक्यासकट जबर दुखापती झाल्या, बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर तो पुन्हा उभा राहिला. तो अपघात मी परत बघत नाही, तुम्हीही नाही बघितलात तरी चालेल.

आणि शेवट तर अजून विचित्र. ओव्हरऑल ॲक्शन एक्सप्रेस जिंकली, त्यावर वाद नाही. जीटी डेटोना क्लासमध्ये शेवटच्या लॅपला फेरारीत पिएर गुइडी आणि ऑडीत विंकलहॉक, विंकलहॉकने बाहेरून घुसायचा प्रयत्न केला, गवतात गेला, फेरारी पुढे संपली. रेस कंट्रोलने फेरारीला दोषी धरून दंड केला, म्हणजे जिंकली ऑडी. काही तासांनी निर्णय फिरवला, म्हणजे जिंकली फेरारी. पोडियमवर शॅम्पेन उडवणारे वेगळे आणि रेकॉर्डमध्ये जिंकणारे वेगळे! पुढे मार्चमध्ये सेब्रिंगला एका जीटी डेटोना पोर्शेला दुसऱ्याच गाडीने केलेल्या धडकेची शिक्षा झाली, नंतर इम्साने चूक मान्य केली, पण गेलेला वेळ कोण परत देणार. दोन्हीकडची माणसं घेऊन नवीन रेस कंट्रोल बसवलेलं, नवीन नियम, एवढ्या गाड्या, मी समजू शकतो. पण त्या वर्षी प्रेक्षकांनी घातलेल्या शिव्या काही फुकट नव्हत्या.

प्रश्न (पणजी) : कॉर्वेटच्या फॅनला या सगळ्याचा काय फायदा?

उत्तर : सगळ्यात जास्त फायदा तुमचाच. आधी चॅम्पियनशिप खेळायची म्हणजे सेब्रिंग आणि पेटिट ले मान्स, डेटोना दुसऱ्यांच्या घरात. आता तिन्ही एकाच कॅलेंडरमध्ये, वर वॉटकिन्स ग्लेन ट्रॅकवरची सहा तासांची रेस. २०१५ ला कॉर्वेटने जीटीएलएममध्ये डेटोना, सेब्रिंग आणि तिकडे ले मान्सचा क्लास असं सगळं नेलं. २०१६ च्या डेटोनाला दोन कॉर्वेट एकमेकींशीच लढल्या, ऑलिव्हर गॅव्हिन आणि अँटोनियो गार्सिया, चोवीस तासांनी फरक ०.०३४ सेकंद, आणि टीमने दोघांना थांबवलं नाही याबद्दल त्यांना सलाम. पोर्शेवाल्यांनी पण चैन केली, २०१५ ची पेटिट ले मान्स तुफान पावसात जीटीएलएमच्या ९११ ने सगळ्या प्रोटोटाइप मागे टाकून ओव्हरऑल जिंकली.

प्रश्न (सोलापूर) : आपला कुणी भारतीय यात कधी होता का?

उत्तर : या सीरिजच्या मर्जरमध्ये नाही, पण जवळून गेला असा एक आहे. चेन्नईचा करुण चंढोक २०१२ ला जेआरएम टीमकडून वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप खेळला, ले मान्सला धावणारा पहिला भारतीय, आणि ओव्हरऑल सहावा आला. गाडी होती होंडाची एचपीडी एआरएक्स-०३ए, म्हणजे मसल मिल्कवाले त्याच वर्षी एएलएमएस जिंकले तीच. त्याच्या आधी २००९ ला नारायण कार्तिकेयनची ऑडीतली सीट पक्की होती, पण पिटची भिंत उतरताना खांदा निखळला आणि रेस हुकली. नशीब म्हणतात ते हेच.

प्रश्न (पुणे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी) : सर, आज एकच गाडी ले मान्सला पण पळते आणि डेटोनाला पण. याचा २०१४ शी संबंध आहे का, की ती वेगळी गोष्ट?

उत्तर : सरळ संबंध आहे, आणि माझ्या मते मर्जर खऱ्या अर्थाने पूर्ण झालं ते २०२३ ला.

२०१६ ला डीपी निवृत्त झाली. २०१७ ला डीपीआय आली, आयडिया साधी, एलएमपी-२ चा चासी घ्या, त्यावर कंपनीचं स्वतःचं इंजिन आणि स्वतःच्या चेहऱ्याची बॉडी चढवा. कॅडिलॅक, माझदा, निसान आले, वर्षभराने ॲक्युरा. खर्च आवाक्यात ठेवायचा हा ग्रँड-ॲमचा विचार आणि चासी ले मान्सच्या कुटुंबातला हा एएलएमएसचा, दोन्ही एका गाडीत आले. पण डीपीआय ले मान्सला चालत नव्हती. मग जानेवारी २०२० ला डेटोनालाच इम्सा आणि फ्रेंच क्लबने एकत्र बसून दोन्हीकडे चालेल अशी एलएमडीएच नावाची नवी गाडी जाहीर केली. यात चासी चारच जणांकडून घ्यायचा, डल्लारा, लिजिए, मल्टिमॅटिक किंवा ओरेका. हायब्रिड सगळ्यांना सारखं, मोटर बॉशची, बॅटरी विल्यम्सची, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा. इंजिन आणि बॉडी ज्याची त्याची. तुम्ही इंजिनिअरिंगवाले म्हणून सांगतो, महाग भाग कॉमन करून टाकायचा आणि कंपनीला ज्याची जाहिरात करायची तेवढंच मोकळं सोडायचं, ही यातली सगळ्यात हुशार गोष्ट. ज्यांना सगळं घरी बनवायचंय त्यांच्यासाठी ले मान्स हायपरकार वेगळी आहेच, फेरारी, टोयोटा त्या वाटेने गेले, आणि दोन्ही एकाच क्लासमध्ये लढतात. म्हणजे बीओपीची भांडणं आहेतच, ती कुठे जात नाहीत, फक्त आता गाड्या मुळातच एकमेकींच्या जवळ आहेत.

इम्साने २०२३ ला त्या क्लासला नाव दिलं जीटीपी, ऐंशीच्या दशकातलं. त्याच जूनमध्ये ले मान्सची शंभरी, जिंकली फेरारी, पण तिसरी आणि चौथी कॅडिलॅक, टीम चिप गनासी. हेच गनासी डीपी घेऊन २००६, ०७, ०८ असा सलग तीनदा डेटोना जिंकले होते आणि तेव्हा ती गाडी ले मान्सच्या गेटमधून आत पण गेली नसती. आणि आपली ॲक्शन एक्सप्रेस, २०१४ ची ती पहिली रेस जिंकणारी, ती पण कॅडिलॅक घेऊन तिथे होती. पहिल्याच लॅपला ठोकली, गॅरेजमध्ये नेली, जोडली, परत सोडली. कोल्हापूरकर, पाइपांच्या गाड्यावाले म्हणून तुम्ही ज्यांना हिणवता ते हेच लोक बरं का.

प्रश्न (डोंबिवली) : हे सगळं बघायचं तर कुठे आणि किती वाजता? घरी टीव्हीवर सासूबाईंचा ताबा असतो.

उत्तर : टीव्ही सोडा, मोबाइल घ्या, इम्साचं स्वतःचं यूट्यूब चॅनल आहे तिथे अमेरिकेबाहेरच्या लोकांना लाइव्ह मिळतं. डेटोना जानेवारीच्या शेवटी असतो, तिकडे शनिवारी दुपारी पावणेदोनच्या आसपास सुरू म्हणजे आपल्याकडे शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीनंतर. पहिला तास बघा आणि झोपा, काही बिघडत नाही. रविवारी सकाळी उठाल तेव्हा तिकडे अंधार पडलेला असतो, गाड्यांचे ब्रेक लालभडक तापलेले दिसतात, तो भाग चुकवू नका. दुपारी बारा ते संध्याकाळी पाच तिकडची मध्यरात्र ते पहाट, तेव्हा जेवण, सासूबाई, बाजार सगळं उरकून घ्या, आणि रात्री नऊनंतर कुणालाही दार उघडू नका. संपते मध्यरात्रीनंतर. मार्चमधली सेब्रिंग नोकरदारांना जास्त सोयीची, शनिवारी संध्याकाळी साडेसात-पावणेआठला सुरू होते आणि रविवारी सकाळी संपते, पेटिट ले मान्स ऑक्टोबरात रात्री साडेनऊनंतर. पहिल्यांदाच बघत असाल तर सेब्रिंगपासून सुरुवात करा, जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर गाड्या अशा आदळतात की फोनच्या स्क्रीनवर पण जाणवतं.